कोजागरीच्या संध्याकाळी माथ्यावर काय घडलं?

९ ऑक्टोबर २०२२, कोजागरी पौर्णिमा. संध्याकाळचे ६ वाजून ४७ मिनिटं. छत्रपती संभाजीनगरात दिवेलागण झाली होती, घरोघरी रात्रीच्या दुधाची तयारी चालू होती. नेमक्या त्याच वेळी आजवर नोंदलेल्या सर्वांत तेजस्वी गॅमा किरण स्फोटाचे किरण पृथ्वीवर येऊन थडकू लागले. स्फोटाची जागा शर तारकासमूहात होती, खगोलीय विषुववृत्ताच्या १९.८ अंश उत्तरेला. आपल्या शहराचा अक्षांश १९.९. वेळेचा हिशेब मांडला, तर ती जागा तेव्हा आपल्या माथ्यापासून जेमतेम चार-पाच अंशांवर येते. पहिल्यांदा हे गणित सुटलं, तेव्हा मी वही तशीच टाकून गच्चीवर गेलो.

मग कुणाला काहीच कसं दिसलं नाही? आकाशदर्शनाला आलेली मंडळी हे विचारतात, आणि पाठोपाठ काळजीने, 'ते किरण आपल्याला लागले का?' नाही लागले. गॅमा किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि वातावरण त्यांना वरच्या वर शोषून घेतं. १९० कोटी वर्षांचा प्रवास करून आलेल्या त्या किरणांनी वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर ढवळून काढला, पण जमिनीवरच्या माणसाला त्यांचा उपद्रव झाला नाही. म्हणून तर त्यांना पकडायला अवकाशातच जावं लागतं.

दुर्बीण म्हटली की आपल्यापुढे नळी, भिंग आणि त्यातलं चित्र उभं राहतं. सगळ्यांत घट्ट बसलेला गैरसमज हाच. गॅमा किरण भिंगाने वळवता येत नाहीत. साधा आरसा त्यांना अडवतच नाही. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावर 'सीझेडटीआय' नावाचं उपकरण आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आयुका यांचा त्यात मोठा वाटा. आत कॅडमिअम झिंक टेल्युराइडच्या ६४ चौकोनी फरश्या चार भागांत बसवल्या आहेत. त्यांवर एकूण १६,३८४ घरं, एकेक हरभऱ्याच्या डाळीहून लहान. एखाद्या घरात किरण शिरला की विजेचा बारीकसा झटका उमटतो. त्याची वेळ आणि ऊर्जा टिपली जाते. म्हणजे इथे बघायचं नसतं, मोजायचं असतं. सेकंदागणिक किती झटके आले याचा आलेख काढायचा आणि त्यात उंचवटा शोधायचा. एकाच भागात उसळी दिसली तर बहुधा तो उपकरणाचा गोंगाट. चारही भागांत एकदम दिसली, की अभ्यासक सावरून बसतात.

'स्फोट कुठे होणार हे माहीत नसताना दुर्बीण तिकडे आधीच वळलेली कशी?' प्रश्न रास्त आहे. पण साधारण १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टहून जास्त ऊर्जेचे किरण उपकरणाच्या भिंतींतून आरपार येतात, त्यामुळे त्याला कडेचंही कळतं. ६ ऑक्टोबर २०१५ ला ते सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी बाजूने आलेला एक स्फोट सापडला. २०२२ मध्ये ही मोजदाद ५०० वर गेली; कोजागरीचा स्फोटही त्यात टिपला गेला.

उपकरणाला काही दिसलं नाही म्हणजे ते चुकलं, असंही लोक धरून चालतात. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची खूण पृथ्वीवर पोचली. आधी गुरुत्वीय लहरी आल्या, १.७ सेकंदांनी गॅमा किरण. सीझेडटीआयला ते दिसले नाहीत, कारण मध्ये पृथ्वी आली होती. पण त्यामुळेच, पृथ्वीने झाकलेल्या आकाशातच ती जागा शोधायची, हे ठरवता आलं. गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा आता आपल्याच मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले.