निबंधातून ओसरीवर

कॉलेजातलं वाङ्मय मंडळ म्हटलं की उद्घाटन, हारतुरे आणि वार्षिक अंकातला गटफोटो एवढंच डोळ्यांपुढे येतं. मुंबईत ही प्रथा रुजली तेव्हाच्या पोरांची खुमखुमी मात्र वेगळी होती. जून १८४८ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. मुंबई विद्यापीठ स्थापन व्हायला अजून नऊ वर्षं होती. शहरात बी.ए.ची पदवी मिळत नव्हती, पण मंडळ होतं! अध्यक्षपदी प्राध्यापक पॅटन. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी ही मंडळी तेव्हा जेमतेम विशी-पंचविशीतली.

सभेत इंग्रजीतून निबंध वाचायचे आणि त्यावर वाद घालायचा, हा मूळ शिरस्ता. पण इंग्रजी येणारे होते किती? म्हणून मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखा म्हणजे मराठी ज्ञानप्रसारक सभा; तिचे अध्यक्ष व्याकरणकार दादोबा पांडुरंग. तिचं ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक १८५० पासून सतरा वर्षं चाललं. आजच्या कॉलेजच्या अंकांना वर्षातून एकदा निघतानाही धाप लागते.

स्त्रीशिक्षणावरचे निबंध वाचून टाळ्या घ्यायच्या आणि घरी जायचं, हे या तरुणांना पटेना. दादाभाईंनीच उतारवयात सांगून ठेवलंय : आम्ही घरोघर फिरायचो, ‘तुमच्या ओसरीवर बसून मुलींना अक्षरं शिकवू द्या’ म्हणून विनवायचो. कोणी बसायला सांगे, तर कोणी ‘पायऱ्यांवरून ढकलून देईन’ म्हणून अंगावर येई. १८४९ मध्ये मंडळाने मराठी आणि पारशी मुलींसाठी शाळा काढल्याच. सकाळी मुलींना शिकवायचं, तेही फुकट, आणि मग आपल्या कॉलेजचे तास गाठायचे. गिरगावात जगन्नाथ शंकरशेट यांनी जागा दिली, पारशी शाळांसाठी कामा घराण्याने पैसा.

इथे पुण्याची आठवण होतेच. फुले दांपत्याची शाळा याच्या आधीची, आणि त्यापायी जोतिबांना वडिलांचं घर सोडावं लागलं. मुंबईच्या तरुणांना शिव्या पडल्या तरी पाठीशी शहरातले धनिक शेटिया होते. दोन्ही कामांचं मोल करताना हा फरक विसरून चालायचं नाही.

पुढे पारशी शाळा पारशी मंडळींनी वेगळा कारभार थाटून आपल्याकडे घेतल्या. मराठी मुलींच्या शाळा सोसायटीकडेच राहिल्या.