‘जनता’ मनगटावर बांधण्यापूर्वी

आजीची मण्यांची पर्स, आजोबांचा जाड काळ्या फ्रेमचा चष्मा, काकांचं चावीचं घड्याळ. एकेकाळी अडगळीत गेलेल्या या वस्तूंना पुन्हा दिवस आले आहेत. कॉलेजातली मुलं त्या शोधत मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर फिरतात. पुण्यात बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गर्दी करतात. या साऱ्या जुन्या मालात सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारी, रोज वापरता येणारी आणि बिघडली तर दुरुस्त होणारी वस्तू कोणती, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे : एचएमटीचं ‘जनता’ घड्याळ.

हिंदुस्थान मशीन टूल्स म्हणजेच एचएमटी ही सरकारी कंपनी 1953 साली बंगळूरला उभी राहिली ती यंत्रं बनवणारी यंत्रं तयार करायला. 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं तिथंच मनगटी घड्याळांचा कारखाना सुरू झाला. घड्याळांची पहिली खेप पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. पुढे तुमकूर, श्रीनगर आणि नैनितालजवळच्या राणीबागलाही कारखाने निघाले. जनता, पायलट, कोहिनूर, सोना, कांचन, बायकांसाठी सुजाता ही नावं घराघरांत पोचली. लग्नात जावयाला एचएमटी, निवृत्तीच्या समारंभात साहेबांना एचएमटी. अंधांसाठी ब्रेल घड्याळंही याच कंपनीनं काढली.

‘जनता’ हे त्यांतलं सगळ्यांत साधं. तारीख नाही, वार नाही. तीन काटे आणि स्वच्छ आकडे. काही तबकड्यांवर नाव आणि अंकही देवनागरीत आहेत, आणि त्यांच्यासाठी आज शौकीन जीव टाकतात.

साधेपणा बाहेरून. मागचं झाकण उघडलं की आतली करामत दिसते. चावी दिली की मेन स्प्रिंग गुंडाळली जाते. ती हळूहळू उलगडते आणि दातेरी चाकांमधून तिचा जोर बॅलन्स व्हीलपर्यंत पोचतो. केसाइतक्या बारीक स्प्रिंगच्या तालावर हे चाक पुढेमागे झुलतं, सेकंदाला 5 ठोके, तासाला 18,000. म्हणून जनताचा सेकंदकाटा क्वार्ट्‌झसारखा सेकंदाला एक उडी मारत नाही. भिंगातून पाहिलं तर तो बारीक बारीक पावलं टाकत सरकताना दिसतो. तबकडीवर ‘17 ज्वेल्स’ लिहिलेलं असतं, ती शोभेची रत्नं नव्हेत. चाकांच्या आसांची झीज कमी व्हावी म्हणून बसवलेले ते कृत्रिम माणकांचे 17 खडे. ‘पॅराशॉक’ ही धक्का सोसण्याची सोय. बॅलन्सच्या आसाची टोकं इतकी नाजूक असतात, की घड्याळ हातातून पडलं तर तीच पहिल्यांदा तुटायची. त्यांना आधार देणारा खडा छोट्या स्प्रिंगखाली बसवला, की धक्का ती स्प्रिंग पचवते.

क्वार्ट्‌झ आलं आणि चित्र पालटलं. सेलवर चालणारं घड्याळ वेळेला अधिक पक्कं, चावीची कटकट नाही. टायटन कंपनीनं देखण्या क्वार्ट्‌झ घड्याळांनी बाजार काबीज केला आणि एचएमटी मागे पडत गेली. जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करण्याला मंजुरी दिली. कंपनी बंद होण्याच्या बातम्यांनी जनताची मागणी उसळली, आणि मागणीबरोबर सजवलेला मालही आला.

जुनं घड्याळ घेताना डोळे उघडे ठेवायचे ते इथं. शौकिनांमध्ये ‘मुंबई स्पेशल’ नावाचा एक प्रकार ओळखला जातो. आतलं मशीन जुनं, पण तबकडी नव्यानं रंगवलेली : कधी भडक नारिंगी, कधी मोरपंखी, कधी दुरंगी. केस एका घड्याळाची, काटे दुसऱ्याचे, चावी तिसऱ्याची. घालायला मजेदार म्हणून असं घड्याळ कुणी जाणूनबुजून घेतलं तर बिघडत नाही. पण अस्सल जुनं म्हणून त्याचे पैसे मोजू नयेत.

ओळखायचं कसं? आधी तबकडी भिंगाखाली धरा. कारखान्यातली छपाई बारीक, कडा रेखीव. पुन्हा रंगवलेल्या तबकडीवर अक्षरं जाड आणि पसरलेली दिसतात, मिनिटांच्या रेघा काट्यांशी जुळत नाहीत. पन्नास वर्षांच्या घड्याळाची तबकडी आरशासारखी लखलखत असेल तर शंका घ्यावी. पिवळसर झाक, एखादा डाग हा खोट नव्हे. ते वयाचं प्रमाणपत्र आहे. मग विक्रेत्याला झाकण उघडायला सांगा. मशीनवर एचएमटीचं नाव हवं, गंज नको, स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या नकोत. चावी देताना ती गुळगुळीत फिरली पाहिजे. ती ओढून काटे पुढे न्या. ते एकमेकांना अडता कामा नयेत. घड्याळ कानाला लावा आणि आडवं-उभं करून ऐका. ठोका एकसारखा राहिला तर यंत्र ठीक आहे. काचेवरच्या चरांची काळजी नको, ती ॲक्रिलिकची असते, पॉलिशनं उजळते किंवा थोडक्यात बदलून मिळते. पट्टा तर बदलायचाच असतो.

घेतल्यावर ते घड्याळजीकडे न्या. जुनं तेल वाळून चिकट झालेलं असतं. मशीन पूर्ण उघडून, धुऊन, नव्यानं ऑइलिंग करून घेतल्याशिवाय रोज वापरू नका. सकाळी ठरलेल्या वेळी चावी द्या आणि ती अडली की थांबा. पावसात घड्याळ घरी ठेवा, पाणी आत शिरायला वेळ लागत नाही. आणि ते पर्समध्ये टाकत असाल तर पर्सच्या चुंबकी बटणापासून लांब ठेवा. चुंबकाच्या संगतीनं बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ एकाएकी पुढे पळू लागतं. घड्याळजी हे चुंबकत्व दोन मिनिटांत उतरवून देतो.

जुन्या धाटणीची नवी घड्याळं, नव्या पर्स, नवे गॉगल दुकानांत भरपूर आहेत. त्यांत वाईट काही नाही. एचएमटीच्या नावाची नवी घड्याळंही विकली जातात. पण जी वस्तू पन्नास वर्षांनीही उघडून, साफ करून, एक सुटा भाग बदलून पुन्हा चालू करता येते, तिची सर नुसत्या जुन्या रूपाला येत नाही. जनता ज्यांनी बनवली त्यांनी ती दुरुस्तीसाठी बनवली, हीच तिची खरी किंमत.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. बाजारात जाण्याआधी घरातली कपाटं, डबे, जुन्या पेट्या उघडून पाहा; अस्सल जनता बऱ्याचदा तिथंच मिळते, आणि तिचा पहिला मालक कोण हेही तुम्हाला ठाऊक असतं. दुसरं, दुरुस्तीच्या मजुरीसाठी घासाघीस करू नका. जुनी घड्याळं अजून भरपूर आहेत. ती उघडून बसवणारे हात कमी होत चालले आहेत, आणि त्यांच्याकडे गिऱ्हाईक गेलं तरच ते टिकतील.