गाडीची सोय आणि तिची अट





या अंकात परीक्षा किंवा स्नेहसंमेलन सोडून आम्ही मोटार चालवण्याविषयी लिहीत आहोत, याचे काहींना नवल वाटेल. म्हणून आधी कारण सांगतो.

गोष्ट पावसाळ्यातील आहे. शाळा सुटली होती आणि रिमझिम सुरू होती. आम्ही आमची नवी गाडी आवारातून मागे घेत होतो. समोरच्या पडद्यावर मागचे चित्र दिसत होते, सेन्सरचा आवाज नव्हता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. तेवढ्यात चौकीदार काकांनी बोनेटवर जोरात हात आपटला आणि ते ओरडले, "सर, रुको!" उतरून पाहिले, तर पहिलीतील एक मूल मागच्या चाकाशेजारी वाकून घरंगळत गेलेली पाण्याची बाटली उचलत होते. अंतर जेमतेम हातभर. मुलाला काही झाले नाही, ते बाटली घेऊन पळालेसुद्धा. आमचे हातपाय मात्र बराच वेळ थरथरत होते. कॅमेऱ्याच्या काचेवर चिखल उडाला होता आणि मूल चाकाच्या आडोशाला, सेन्सरच्या टप्प्याबाहेर होते. दोष गाडीचा नव्हता. आम्ही बसण्यापूर्वी गाडीला फेरी मारली नव्हती आणि मान वळवून पाहिले नव्हते.

त्या रात्री डॅशबोर्डच्या खणातून गाडीची पुस्तिका काढली. ती प्लास्टिकच्या पिशवीत जशीच्या तशी होती. पुस्तिका इंग्रजीत आणि आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे शब्दकोश शेजारी ठेवून ती वाचायला आठ दिवस लागले. वाचल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. गाडीतील प्रत्येक सोयीला एक अट असते. सोय कोणती ते गाडी विकणारा उत्साहाने सांगतो, अट मात्र पुस्तिकेतच राहते. त्यातील महत्त्वाच्या अटी येथे सांगत आहोत.

या सोयी आता फक्त महागड्या गाड्यांत राहिलेल्या नाहीत. १ जुलै २०१९ पासून भारतात तयार होणाऱ्या प्रत्येक मोटारीत चालकाची एअरबॅग, सीट बेल्टची आठवण करून देणारा आवाज, ताशी ८० किलोमीटरच्या पुढे वाजणारी वेगाची सूचना आणि मागचे सेन्सर सक्तीचे झाले. त्याच सुमारास ए.बी.एस. म्हणजे चाके जाम न होऊ देणारे ब्रेकही सक्तीचे झाले. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात उभ्या असलेल्या गाडीत हे सर्व आहे.

प्रथम ब्रेक. आमच्या पिढीने फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडरवर हात बसवला. तेव्हा निसरड्या रस्त्यावर ब्रेक थोडा दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, असे शिकवले जाई. ए.बी.एस. हेच काम स्वतः, एका सेकंदात अनेक वेळा करते. म्हणून संकटाच्या वेळी पेडल पूर्ण दाबून तसेच धरावे. पायाखाली थरथर जाणवते, ती बिघाडाची खूण नव्हे. घाबरून पाय उचलू नये. ए.बी.एस.चा खरा उपयोग असा, की जोराचा ब्रेक लावूनही स्टिअरिंग वळते. गाडी कमी अंतरात थांबेलच असे नाही. सुट्या खडीवर किंवा मुरमावर ती उलट जास्त अंतर घेऊ शकते. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवणे ही या सोयीची अट.

दुसरी गोष्ट एअरबॅगची. ती पापणी लवण्याच्या आत फुगते आणि तितक्याच जोराने आदळते. पट्ट्याने शरीर जागेवर धरून ठेवलेले आहे, हे गृहीत धरूनच ती बनवलेली असते. पट्टा नसेल तर तीच एअरबॅग इजा करू शकते. लहान मूल पुढच्या सीटवर किंवा आईच्या मांडीवर कधीही नसावे. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने आदळून क्षणात थांबली, तर दहा किलोच्या बाळाला शंभर किलोहून अधिक जोराचा झटका बसतो. कोणत्याही आईचे हात ते ओझे धरू शकत नाहीत.

मागे बसणाऱ्यांना पट्टा लागत नाही, हा समज आपल्याकडे फार खोल आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर अपघात झाला. गाडी उत्तम प्रतीची होती. मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी मागे बसले होते आणि पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. ते दोघे गेले. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. पुढे बसणाऱ्यांबरोबरच मागे तोंड पुढे करून बसणाऱ्यांनाही पट्टा बांधणे नियमाने बंधनकारक आहे. चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा बालआसनाने सुरक्षित न बसवल्यास १००० रुपये दंड आहे. काही मंडळी पट्ट्याच्या खाचेत नुसती क्लिप अडकवून तो आवाज बंद करतात. अशा क्लिपांची विक्री थांबवण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना दिला. कोणाच्या गाडीत ती असेल, तर आजच काढून टाकावी.

तिसरी गोष्ट पडद्याची. नकाशा, गाणी, फोन, थंड हवा, सर्व आता एका पडद्यावर आले आहे. येथे विद्यार्थ्यांनी एक गणित करावे. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. नकाशा पाहण्यासाठी दोन सेकंद नजर वळली, तर गाडी ४४ मीटर पुढे गेली. क्रिकेटची खेळपट्टी साधारण २० मीटरची असते. म्हणजे दोन खेळपट्ट्यांहून अधिक अंतर आपण डोळे मिटून गेलो. म्हणून नकाशा गाडी सुरू करण्यापूर्वी लावावा आणि वाटेत बदलायचा असेल तर कडेला थांबावे. फोन हातात न धरता बोलले तरी मन रस्त्यावरून उठतेच.

चौथी गोष्ट क्रूझ कंट्रोलची, म्हणजे पाय न ठेवता एकच वेग राखण्याच्या सोयीची. ही सोय मोकळ्या, कोरड्या, सरळ रस्त्यासाठी आहे. पावसात, गर्दीत आणि घाटात ती बंद करावी. आपल्या धार जिल्ह्यातील मानपूर-धामनोद दरम्यानचा गणपती घाट सर्वांना ठाऊक आहे. तेथील उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांमुळे किती घरे उद्ध्वस्त झाली, हे आपण वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत वाचत आलो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की तो तापतो आणि पकड सोडतो. ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा जुन्या चालकांचा नियम नव्या गाडीलाही लागू आहे. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय असते. ती कोठे आहे, हे घाटापूर्वी पाहून ठेवावे.

शेवटची गोष्ट अगदी नव्या गाड्यांची. त्या पट्टीबाहेर गेल्यास स्टिअरिंग सावरतात, पुढे अडथळा दिसल्यास स्वतः ब्रेक लावतात. याच धार जिल्ह्यात पीथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहनांची चाचणी घेणारे केंद्र आहे. तेथील ११.३ किलोमीटर लांबीच्या वेगवान मार्गाचे उद्घाटन जून २०२१ मध्ये झाले. तो मार्ग स्वच्छ, रेखलेला आणि बंदिस्त आहे. तेथे उलट्या बाजूने मोटारसायकल येत नाही, रात्री दिवा नसलेली ट्रॉली उभी नसते, वळणावर गाय बसलेली नसते. देवासहून इंदूर, बेटमा करत धारला येणाऱ्या आपल्या मंडळींना हे सर्व भेटते. पट्ट्या पुसल्या असतील, मुसळधार पाऊस किंवा धुके असेल, तर गाडीच्या कॅमेऱ्यालाही दिसत नाही. म्हणून हात स्टिअरिंगवर आणि नजर रस्त्यावर, ही त्या सोयीची अट.

काही पालक अभिमानाने सांगतात, "गाडी ऑटोमॅटिक आहे, आमचा दहावीतला मुलगासुद्धा चालवतो." गाडी चालवणे सोपे झाले आहे, पण रस्त्यावर निर्णय घेणे सोपे झालेले नाही. २०१९ च्या सुधारित कायद्यानुसार अल्पवयीनाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवानाही मिळत नाही. आमची हात जोडून विनंती आहे, हे कौतुक थांबवावे.

शाळेपुरते आम्ही ठरवले आहे, की सुटीच्या वेळी आवारात कोणाचीही गाडी मागे घेतली जाणार नाही, प्राचार्यांचीसुद्धा नाही. शेवटचे मूल फाटकाबाहेर पडेपर्यंत गाड्या उभ्या राहतील. विश्वस्त मंडळींना विनंती, की मुलांसाठी पायी जाण्याचे वेगळे फाटक करून देण्याचा विचार पुढील सभेत व्हावा.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्याकडेही एक काम आहे. गाडी सुरू होण्यापूर्वी मागच्या सीटवरून विचारा, "बाबा, मागे पाहिले का? आई, पट्टा लावला का? फोन ठेवला का?" मोठ्यांना विचारणे म्हणजे उद्धटपणा असे येथे समजू नका. त्या दिवशी चौकीदार काकांनी प्राचार्यांच्या गाडीवर हात आपटण्यात संकोच केला असता, तर आज हा लेख लिहिण्याची हिंमत आमच्यात नसती.

कळावे, लोभ असावा.

आपले,
प्राचार्य