स्थिर आवृत्ती आणि मराठीचा ‘ल’

इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला ‘डेबियन’ हा प्रकल्प म्हणजे लिनक्सचे एक वितरण होय. वेगवेगळ्या लोकांनी स्वतंत्रपणे लिहिलेली हजारो मुक्त सॉफ्टवेअर एकमेकांशी जुळवून, तपासून, ‘पॅकेज’ या बांधीव रूपात वापरकर्त्याला देणे हे त्याचे काम. नवे पॅकेज प्रथम ‘अनस्टेबल’ या विभागात येते, तेथे साधारणतः दोन, पाच किंवा दहा दिवस राहते आणि त्यात नवा गंभीर बग न आढळल्यास ‘टेस्टिंग’मध्ये सरकते, पुढे ‘फ्रीझ’ होते, म्हणजे नवी भर थांबवून केवळ दुरुस्त्या स्वीकारल्या जातात, आणि त्यातून ‘स्टेबल’ आवृत्ती निघते. २००२ च्या ‘वूडी’नंतर ‘सार्ज’ यायला २००५ उजाडले. तेव्हापासून मात्र सुमारे दोन वर्षांचा क्रम बऱ्यापैकी पाळला गेला आहे.

या संथपणाची टिंगल पुष्कळ होते. तथापि मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या संकोचन-साधनात कोणीतरी पेरलेले चोरदार उघडकीस आले, तेव्हा ते डेबियनच्या टेस्टिंगपर्यंत पोहोचले होते, स्टेबलपर्यंत नव्हे. अर्थात ते सापडले ते कोणत्याही नियमामुळे नव्हे, तर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने चिकाटीने शोधल्यामुळे.

येथेच या व्यवस्थेची उणीव दिसते. ठरावीक दिवस तक्रार आली नाही म्हणजे पॅकेज निर्दोष, हे गृहीतक त्या दिवसांत कोणीतरी ते खरोखर वापरले असेल तरच खरे ठरते, आणि मराठीच्या बाबतीत तशी खात्री देता येत नाही. संग्रामपूर तालुक्यातील ‘वरवट बकाल’ हे गावाचे नाव पडद्यावर उमटताना शेवटचा ‘ल’ हिंदी वळणाचा, उजवीकडे उभा दंड असलेला, दिसू शकतो. मराठी वळणात मात्र मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना गोलाई असते. दोष फाँटचा असेल, अक्षरांची जुळणी करणाऱ्या ‘हार्फबझ’चा असेल, किंवा मजकूर मराठी आहे हे फाँटपर्यंत न पोहोचवणाऱ्या अ‍ॅपचाही असेल. वापरकर्ता तक्रार बहुधा फाँटच्या नावावर करतो; ती योग्य पॅकेजकडे वळवण्याची छाननी कष्टाची असते आणि हे काम स्वयंसेवकांच्या भरवशावर चालते.

डेबियनच्या बग-नोंदीत ‘क्रिटिकल’, ‘ग्रेव्ह’ आणि ‘सीरियस’ या तीन पायऱ्यांचे बगच आवृत्ती अडवू शकतात. चुकीच्या वळणाचा ‘ल’ ‘मायनर’ किंवा फार तर ‘नॉर्मल’ ठरेल, म्हणून तो वर्षानुवर्षे स्थिर राहू शकतो, असे म्हणणे उपरोधाचे वाटले तरी वस्तुस्थितीला धरून आहे. लोहित देवनागरी हा फाँट रेड हॅटच्या पुण्यातील अभियंत्यांनी दीर्घकाळ सांभाळला आणि फेडोरा हे वितरण आपल्या आवृत्तीआधी भाषांसाठी खास चाचणी-दिवस ठेवते. या दोन्हींमागे मराठी वाचणारे डोळे तपासणीत आणण्याचाच विचार दिसतो.

तरीही माणसांची वाट पाहण्याला मर्यादा आहेत. फाँटच्या पॅकेजसोबतच ‘बकाल’, ‘शेगाव’, ‘दऱ्या’ अशा शब्दांची यादी ठेवावी, भाषा मराठी असल्याचे सांगून हार्फबझकडून ते जुळवून घ्यावेत आणि मिळालेली अक्षररूपे अपेक्षित रूपांशी ताडून पाहावीत. डेबियनची स्वयंचलित चाचणी-व्यवस्था पूर्वी यशस्वी झालेली चाचणी नव्या आवृत्तीत फसल्यास पॅकेजला टेस्टिंगमध्ये जाण्यापासून रोखते. त्यामुळे एरवी ‘मायनर’ ठरणारा दोष कोणाच्याही तक्रारीविना अडवला जाईल.