गळाची शर्यत आणि तळ्याची निगा

मासेमारी म्हटली की जाळी, होड्या आणि बाजाराकडे निघालेल्या पाट्या डोळ्यांपुढे येतात. इंग्लंडमध्ये मात्र मासेमारीचा असा एक प्रकार रूढ आहे की, ज्यात दिवसभर पकडलेला प्रत्येक मासा सायंकाळी जिवंत स्थितीत पुन्हा तळ्यात सोडला जातो. तळ्याच्या मालकास उत्पन्न मिळते ते मासे विकून नव्हे, तर ते पकडू देण्याचे शुल्क आकारून. साहजिकच तळ्यातील मासा जगला आणि निरोगी राहिला, तरच हा व्यवसाय टिकतो. या तळ्यांवर भरणाऱ्या कार्प माशांच्या स्पर्धांचे सारे नियम याच एका गरजेतून घडले आहेत.

नदीकडून तळ्याकडे

कार्प हा मासा मूळचा इंग्लंडचा नव्हे. युरोप खंडातून तो तेथे आला आणि १४९६ साली छापल्या गेलेल्या गळमासेमारीवरील एका प्रबंधात त्याचा दुर्मिळ मासा म्हणून उल्लेख आढळतो. पुढे शतकानुशतके गळाच्या स्पर्धा प्रामुख्याने नद्या व कालवे यांच्या काठी होत. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अनेक शेतकऱ्यांनी व जमीनमालकांनी शेतीस पूरक उत्पन्न म्हणून तळी खोदली, त्यांत दाटीने कार्प सोडले आणि दिवसाच्या तिकिटावर ती खुली केली. नदीवरील मासेमारीस तेथे १५ मार्च ते १५ जून या काळात बंदी असते. बहुतेक साचलेल्या पाण्यावरील ही बंदी १९९५ मध्ये उठली. त्यामुळे अशा तळ्यांवर वर्षभर स्पर्धा भरू लागल्या. १९९४ मध्ये सुरू झालेल्या 'फिश-ओ-मेनिया' या स्पर्धेची अंतिम फेरी दूरचित्रवाणीवरून दाखविली जाऊ लागली आणि या खेळास मोठा प्रेक्षकवर्ग लाभला.

स्पर्धा कशी चालते?

तळ्याच्या काठावर ठरावीक अंतरावर बसण्याच्या जागा आखलेल्या असतात. अशा प्रत्येक जागेस 'पेग' म्हणतात व तिला क्रमांक असतो. सर्व जागा सारख्या लाभदायक नसतात. कोपऱ्यात, बेटासमोर अथवा वारा ज्या काठाकडे वाहतो तेथे मासे अधिक जमतात. म्हणून सकाळी चिठ्ठ्या काढून जागांचे वाटप होते. एवढ्यानेही दैवाचा भाग पुरता नाहीसा होत नाही. यासाठी मोठ्या स्पर्धांत तळ्याचे विभाग पाडतात आणि प्रत्येक स्पर्धकास त्याच्या विभागातील क्रमांकानुसार गुण देतात. चांगल्या जागांच्या विभागात बसलेल्याची तुलना अशा रीतीने त्याच्या शेजाऱ्यांशीच होते.

शिट्टी वाजली की सर्वांचे गळ एकाच वेळी पाण्यात पडतात. स्पर्धा साधारणतः पाच ते सहा तास चालते. विजय ठरतो तो सर्वांत मोठ्या माशावर नव्हे, तर पकडलेल्या माशांच्या एकूण वजनावर. दीड पौंडाचे शंभर मासे मिळाले तर दीडशे पौंड भरतात. परंतु पाच तासांत शंभर मासे म्हणजे दर तीन मिनिटांस एक मासा. म्हणूनच हा खेळ वाटतो तितका निवांत नाही. कोठे, किती आणि किती वेळाने आमिष टाकावे, मासे तळाशी आहेत की पाण्याच्या मधल्या थरात, याचा अंदाज क्षणोक्षणी घ्यावा लागतो. अनेक स्पर्धक कार्बन तंतूंपासून बनविलेली, जोडता-सुटी करता येणारी लांब काठी वापरतात. तिची लांबी सोळा मीटरपर्यंत असते. तिला रीळ नसते; टोकाच्या पोकळ भागातून ओवलेला रबरी दोर ताणला जातो आणि माशाचा हिसका पेलतो. मका, अळ्या व खाद्याच्या गोळ्या ही नेहमीची आमिषे होत.

नियमांमागील शास्त्र

पकडलेला मासा वजन होईपर्यंत पाण्यात सोडलेल्या लांब जाळीच्या पिशवीत ठेवतात. येथेच त्याच्या जिवास खरा धोका असतो. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. २० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात प्रतिलीटर सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांस सुमारे साडेसात मिलिग्रॅम. उलट माशाची गरज मात्र उष्णतेबरोबर वाढते. म्हणून एका पिशवीत किती वजनाचे मासे ठेवावेत याची मर्यादा असते. पुष्कळ ठिकाणी ती पन्नास पौंडांच्या आसपास आहे. मर्यादेबाहेरचे वजन सहसा हिशेबात धरले जात नाही. परिणामी स्पर्धकास स्वतःच्याच हितासाठी मासे मोजत, त्यांचा अंदाज घेत दुसरी पिशवी वापरावी लागते. कडक उन्हाळ्यात अनेक तळ्यांवर पिशव्या वापरण्यासच बंदी घालतात.

गळास उलटा काटा नसावा, हा दुसरा नियम. असा गळ माशाच्या तोंडास फारशी इजा न करता सुटतो. खाद्य तळ्याच्याच दुकानातील असावे, असा दंडकही अनेक ठिकाणी आहे. कारण न खाल्लेले आमिष तळाशी कुजते व प्राणवायू शोषून घेते. एका तळ्यातील ओले जाळे दुसऱ्या तळ्यात बुडविल्यास रोगही सोबत जातो. कार्पला होणारा कोय हर्पिस विषाणूचा रोग ब्रिटनमध्ये २००७ पासून शासनास कळविणे बंधनकारक आहे. म्हणून काही तळ्यांवर जाळी जंतुनाशक द्रावणात बुडवून घ्यावी लागतात, तर काही मालक स्वतःचीच जाळी पुरवितात. शिशाच्या लहान गोळ्या गिळून राजहंस मरतात असे दिसून आल्यावर १९८७ पासून तेथे त्यांच्या विक्रीवर बंदी आली.

आपल्याकडील विचार

महाराष्ट्रात पवई तलावासारख्या ठिकाणी हौशी गळमासेमारीची परंपरा आहे. तथापि गावतळी व पाझर तलाव यांतील रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस नावाने ओळखला जाणारा कार्प हे मुख्यतः अन्न व उपजीविकेचे साधन आहेत. ज्या तलावावर मच्छीमार कुटुंबांची चूल पेटते, तेथे इंग्लंडची पद्धत जशीच्या तशी आणणे योग्य होणार नाही.

मात्र तिच्यातील काही गोष्टी कोणत्याही सामाईक तलावास लागू पडतात. जागांची वाटणी सर्वांसमक्ष चिठ्ठी काढून होते. वजन शेजारच्या स्पर्धकादेखत होते आणि तेथल्या तेथे लिहिले जाते. पाण्याला किती मासे पोसता येतील हे आधी पाहिले जाते आणि उन्हाळ्यात पाणी घटू लागताच नियम कडक होतात. बक्षिसाची रक्कम पणास लागलेली असतानाही तंटे आवाक्यात राहतात, ते या उघडपणामुळे. तलावाचा ठेका, माशांचे बीज व मिळणारा वाटा यांवरून ज्या गावांत दुही माजते, त्यांनी यातील उघड्यावरचा काटा आणि पाण्याची वेळीच घेतलेली दखल या दोन गोष्टी उचलल्या, तरी तलाव आणि गावाचा सलोखा या दोहोंचे जतन होईल.