कन्सोलची ताकद डब्यात की क्लाउडमध्ये? गेमिंगच्या धंद्यात उतरण्याआधी हा हिशेब करा



गेमिंग कॅफे काढू पाहणारी तरुण मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, आता सगळं क्लाउडवर चालतं म्हणे. मग पन्नास-पन्नास हजारांच्या घरातले कन्सोल घ्यायचे कशाला? साधे टीव्ही लावू, दणदणीत इंटरनेट घेऊ, झालं काम!"

प्रश्न अगदी रास्त आहे. चार कन्सोल घेतले तरी दोन लाख रुपये अडकतात. ही रक्कम वाचली तर जागेचं डिपॉझिट निघतं. पण हाच प्रश्न जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी गेल्या दहा-बारा वर्षांत स्वतःच्या पैशाने सोडवून बघितलाय. कुठे जमलं आणि कुठे आपटले, हे सगळं उघड आहे. त्यांच्या अनुभवातून आपण फुकटात शिकू शकतो. चला तर मग.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा

"क्लाउडवर गेम" या एका शब्दात दोन वेगळे प्रकार दडलेत. खानावळीचं उदाहरण घ्या.

पहिला प्रकार म्हणजे तुमच्याकडे चूलच नाही. सगळं जेवण बाहेरून येतं, तुम्ही फक्त ताट वाढता. यात गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि तुमच्या स्क्रीनवर त्याचं चित्र व्हिडिओसारखं येतं. तुम्ही बटण दाबलं की तो इशारा सर्व्हरकडे जातो, तिथे चित्र बदलतं, मग ते परत येतं. याला गेम स्ट्रीमिंग म्हणतात.

दुसरा प्रकार म्हणजे चूल तुमची, पण लोणचं, पापड, मसाला बाहेरून. यात गेम तुमच्या कन्सोलवरच चालतो, फक्त काही कामं क्लाउडवर सोपवलेली असतात. "क्लाउडमुळे कन्सोलची ताकद वाढेल" असं जेव्हा म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा हा दुसरा प्रकार डोक्यात असतो.

२०१३ मध्ये काय घडलं?

मे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला. त्याच वर्षी सोनीचा प्लेस्टेशन ४ येणार होता. कागदावर बघितलं तर चित्र बनवण्याच्या ताकदीत सोनी पुढे होती. प्लेस्टेशन ४ ची ताकद १.८४ टेराफ्लॉप, तर एक्सबॉक्स वनची १.३१. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मग मायक्रोसॉफ्टने क्लाउडचं पान टाकलं. एक्सबॉक्ससाठी १५ हजार सर्व्हर आहेत, ते वाढून ३ लाखांवर जातील, असं सांगितलं. प्रत्येक कन्सोलमागे क्लाउडमध्ये तीन कन्सोलइतकी जादा ताकद उभी असेल, अशीही भाषा झाली. म्हणजे डबा आज घ्या, त्याची ताकद पुढे वाढतच जाईल!

किंमत होती ४९९ डॉलर. सोनीने आपला कन्सोल ३९९ ला ठेवला. एक्सबॉक्स महाग असण्याचं मोठं कारण त्याच्यासोबत सक्तीने दिलेला कायनेक्ट कॅमेरा होता, क्लाउड नव्हे. पण ग्राहकाच्या नजरेने बघा. डॉलर जास्त, डब्यातली ताकद कमी, आणि उरलेली ताकद नंतर येणार. शिवाय सुरुवातीला अट अशी होती की कन्सोल दर २४ तासांनी एकदा तरी इंटरनेटला जोडायचा. लोक एवढे खवळले की जून २०१३ मध्येच कंपनीला ती अट मागे घ्यावी लागली. पुढच्या वर्षी कायनेक्ट काढून किंमत ३९९ डॉलरवर आणली.

निकाल? २०२२ मध्ये ब्राझीलच्या स्पर्धा नियामकाला दिलेल्या कागदपत्रांत मायक्रोसॉफ्टने स्वतःच नमूद केलं की त्या पिढीत सोनीने दुपटीहून जास्त कन्सोल विकले. कारणं अनेक होती. किंमत, अटी, गेम, सगळंच. पण "ताकद नंतर येईल" या वचनाने गिऱ्हाईक थांबलं नाही, हे नक्की.

गाडं अडतं कुठे?

आता थोडं गणित. घाबरू नका, दुकानाच्या वहीतलं गणित आहे.

गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतो तेव्हा एका चित्रासाठी वेळ मिळतो साधारण १७ मिलिसेकंद. ३० चित्रं दाखवली तर ३३. एवढ्या वेळात सावली, प्रकाश, धूर, स्फोट, सगळं तयार हवं.

प्लेस्टेशन ४ च्या आत चिप आणि मेमरी यांच्यात सेकंदाला १७६ गीगाबाइट माहिती ये-जा करू शकते. आणि तुमचं १०० एमबीपीएसचं कनेक्शन? ते सेकंदाला आणतं साडेबारा मेगाबाइट. फरक किती झाला? जवळपास १४ हजार पट! क्लाउडमध्ये हजार सर्व्हर उभे करा, तुमच्या घरी येणारी वाट मात्र बोळाएवढीच राहते.

दुसरी अडचण अंतराची. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर साधारण ३,९०० किलोमीटर. जाऊन-येऊन नुसता प्रवासच ३९ मिलिसेकंदांचा, म्हणजे दोन चित्रांहून जास्त वेळ गेला. प्रत्यक्षात केबल सरळ जात नाही, मध्ये यंत्रं असतात, त्यामुळे वेळ आणखी वाढतो. हे अंतर पैसा टाकून कमी होत नाही. सर्व्हर जवळ आणणं हा एकच उपाय.

खानावळीच्या भाषेत सांगायचं तर पोळी तव्यावरून थेट ताटात पडायला हवी. ती परगावाहून मागवून चालत नाही. लोणचं मात्र कोल्हापूरहून आलं काय आणि नाशिकहून आलं काय, ताटात दुपारी वाढायचं असेल तर सकाळी पोचलं तरी पुरतं.

मग क्लाउडने ताकद वाढवलीच नाही का?

वाढवली ना! पण लोणच्याच्या कामात.

फोर्झा मोटरस्पोर्ट ५ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम बघा. तुम्ही कशी गाडी चालवता, वळणावर ब्रेक कधी मारता, याचा अभ्यास क्लाउडवर व्हायचा. मग तुमच्यासारखी गाडी हाकणारा एक 'तुम्ही' दुसऱ्यांच्या शर्यतीत उतरायचा. हे काम दोन मिनिटांनी झालं काय, दोन तासांनी झालं काय, कोणाचं काही अडत नाही. मार्च २०१४ मध्ये आलेल्या टायटनफॉलमध्ये संगणकाच्या सैनिकांचं डोकं सर्व्हरवर चालायचं.

सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे २०२० चा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर. अख्ख्या पृथ्वीचे नकाशे आणि फोटो मिळून २ पेटाबाइटहून जास्त माहिती क्लाउडवर ठेवली. २ पेटाबाइट म्हणजे २० लाख गीगाबाइट! एवढं कुठल्याही घरच्या डिस्कमध्ये मावणार नाही. तुमचं विमान जिथे उडतंय, तेवढ्याच भागाची माहिती उतरते. डोंगर पुढे दिसणार हे आधीच माहीत असतं, म्हणून उशीर खपून जातो. चित्र मात्र घरचं यंत्रच बनवतं. २०२१ मध्ये तो एक्सबॉक्सवरही आला.

याची उलटी बाजू क्रॅकडाउन ३. इमारतींच्या चिंधड्या उडवण्याचं गणित क्लाउड करेल, असं २०१५ मध्ये प्रात्यक्षिकासह दाखवलं. गेम बाजारात आला फेब्रुवारी २०१९ मध्ये, आणि ती तोडफोड फक्त ऑनलाइन लढतीच्या एका विभागापुरती उरली. एकट्याने खेळायच्या मुख्य भागात ती नव्हतीच.

क्लाउडवर एकदम गर्दी झाली तर काय होतं, हेही बघून ठेवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्लाइट सिम्युलेटरची नवी आवृत्ती आली, तेव्हा पहिल्याच दिवशी सर्व्हरवर ताण आला आणि पैसे मोजलेले लोक लोडिंगच्या पडद्यावर अडकून बसले. घरातला कन्सोल कितीही ताकदवान असला तरी त्या दिवशी उपयोग शून्य.

चूलच नको म्हणणाऱ्यांचं काय झालं?

२०१० मध्ये अमेरिकेत ऑनलाइव्ह नावाची सेवा सुरू झाली. डबा नको, गेम थेट इंटरनेटवरून. २०१५ मध्ये ती बंद पडली आणि तिचे पेटंट सोनीने घेतले. सोनीने त्याआधीच, २०१२ मध्ये, गायकाई ही अशीच कंपनी ३८ कोटी डॉलरना विकत घेतली होती.

मग आला खुद्द गूगल. २०१९ मध्ये स्टेडिया जाहीर करताना सांगितलं की आमची ताकद १०.७ टेराफ्लॉप, म्हणजे त्या वेळच्या प्लेस्टेशन ४ प्रो आणि एक्सबॉक्स वन एक्स या दोघांच्या बेरजेहून जास्त. ताकद खोटी नव्हती. पण ग्राहकाला बरेच गेम पूर्ण किमतीला घ्यावे लागायचे आणि ते स्टेडियावरच खेळता यायचे. जानेवारी २०२३ मध्ये सेवा बंद झाली. गूगलने गेमचे आणि आपल्या दुकानातून विकलेल्या साहित्याचे पैसे परत केले, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं. पण प्रत्येक बुडणारी सेवा पैसे परत करेल, या भरवशावर आपण राहू नये.

आणि एवढं सगळं होऊन २०२० च्या शेवटी आलेले कन्सोल कसे होते? प्लेस्टेशन ५ हा १०.२८ टेराफ्लॉपचा आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स १२ टेराफ्लॉपचा. म्हणजे क्लाउडमुळे डबा हलका झाला नाही, उलट आणखी तगडा झाला. स्ट्रीमिंग त्याच्या जोडीला आलं.

आता आपल्या कॅफेचा हिशेब

आपल्याकडची बाजू पूर्वीपेक्षा नक्कीच बरी आहे. मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटर २०१५ पासून पुणे, मुंबई, चेन्नई भागात आहेत. एक्सबॉक्सची क्लाउड सेवा नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिकृतपणे भारतात आली. पण वही काढा आणि लिहा.

एका स्क्रीनला चांगल्या चित्रासाठी २० एमबीपीएस धरा. तासाला ९ जीबी झाले. सहा स्क्रीन, रोज आठ तास, म्हणजे दिवसाला ४३२ जीबी. बऱ्याच घरगुती 'अनलिमिटेड' प्लॅनना महिन्याला ३,३०० जीबीच्या आसपास मर्यादा असते. आठव्या दिवशीच तुमचा वेग कोसळणार! म्हणजे व्यावसायिक कनेक्शन हवं, आणि ते तुटलं तर दुसरं. हा खर्च दर महिन्याला चालू राहतो. कन्सोलचा खर्च एकदाच होतो, आणि धंदा बंद करायची वेळ आली तर जुना कन्सोल विकून चार पैसे हातात येतात.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी जण बघतात. गेमच्या सबस्क्रिप्शन साधारणपणे वैयक्तिक, घरगुती वापरासाठी असतात. गिऱ्हाइकांकडून तासाचे पैसे घ्यायचे असतील तर अटी वाचा, परवानगीचं विचारा. हे कन्सोलच्या गेमलाही लागू आहे.

माझं मत विचाराल तर, फुटबॉल, मारामारी, नेमबाजी यांसारख्या चपळाईच्या खेळांसाठी दोन-तीन कन्सोल ठेवा. गिऱ्हाईक तिथे क्षणाचाही उशीर सहन करत नाही. संथ खेळ, नवीन गेम चाखून बघणं, यासाठी एखाद-दुसऱ्या स्क्रीनवर, अटींत बसत असेल तर, क्लाउड वापरून बघा. तीन महिने नोंद ठेवा, मग वाढवा.

गेमिंग नसलं तरी हे तीन प्रश्न तुमचे आहेत

तुमचा धंदा टेलरिंगचा असो, केटरिंगचा असो की छपाईचा, बाहेरची ताकद तुम्ही कुठे ना कुठे वापरणारच. तेव्हा विचारा:

१. हे काम उशीर झाला तर चालतं का? चालत असेल तर बाहेर द्या. गिऱ्हाईक समोर उभं असताना लागणारं काम हातात ठेवा.

२. मधली वाट किती रुंद आहे? समोरच्याकडे कितीही क्षमता असली तरी माल तुमच्यापर्यंत त्या वाटेनेच येणार.

३. उद्या तो बंद झाला तर माझ्या हातात काय उरतं?

या आठवड्यात तुमच्या धंद्यातल्या दहा कामांची यादी करा. प्रत्येकापुढे 'पोळी' किंवा 'लोणचं' असं लिहा. कुठल्या कामात पैसा घालायचा आणि कुठलं भाड्याने भागवायचं, हे त्या यादीतच दिसेल.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशेब करत राहा, वाढत राहा!