परत आलेली मुलं

कोलेट तळ्यात बुडून मरते आणि मग परत येते. अंगात ऊब नाही, एक शब्द बोलून झाला की दुसरा सापडेपर्यंत बराच वेळ जातो, पाऊल जड पडतं. पण आहे ती कोलेटच. आईवडील तिला घरात घेत नाहीत. लहानपणापासूनच्या जिवाभावाच्या मैत्रिणीही तोंड फिरवतात.

डॅनियल वॉटर्स या अमेरिकी लेखकाच्या 'जनरेशन डेड' (२००८) या किशोरांसाठी लिहिलेल्या कादंबरीतलं हे एक बाजूचं पात्र. नायिका दुसरीच आहे, फीबी नावाची. कोलेटकडे पाठ फिरवणाऱ्यांत तीही होती. पण पुस्तक मिटल्यावर माझ्या मनात राहिली ती कोलेट. मेलेली माणसं उठून चालू लागतात म्हटल्यावर आपण घाबरायला तयार होऊन बसतो. या कादंबरीत मात्र जीव दडपतो तो आतून कडी लावलेल्या दाराशी.

कादंबरीतली कल्पना अशी : अमेरिकेत मेलेल्यांपैकी काही जण परत येऊ लागले आहेत. तेही फक्त किशोरवयीन, आणि फक्त अमेरिकेतले. कारण कुणालाच कळलेलं नाही. डबाबंद आणि झटपट खाण्यातली रसायनं शरीरात साठून हे होत असावं, असा एक तर्क लोक लढवतात. वॉटर्स उत्तर देत नाही, आणि मला ते योग्य वाटतं. मुलगा दारात उभा असताना तो कसा परत आला याची चर्चा करत बसणं ही त्याला आत न घेण्याचीच एक तऱ्हा असते.

कनेक्टिकट राज्यातल्या ओकव्हेल गावची शाळा या मुलांना वर्गात घेते. तिथून पुढचा पहिला घोळ नावाचा. त्यांना म्हणायचं काय? आधी 'लिव्हिंग इम्पेअर्ड' म्हणजे जगण्यात काही उणं असलेले, हा शब्द निघतो. तोही टोचतो म्हणून 'डिफरन्टली बायोटिक', म्हणजे वेगळ्या तऱ्हेने सजीव, असा शब्द घडवला जातो. शिक्षक तो जपून उच्चारतात. ती मुलं मात्र आपसात स्वतःला सरळ 'झॉम्बी' म्हणतात. आपल्याकडे 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आला तेव्हाची चर्चा आठवली, तर यातली ओढाताण मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. शब्द बदलणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण वर्गातल्या बाकावर शेजारी कुणी बसतं का, हे शब्दावर ठरत नाही.

वॉटर्सची खरी समज मला दिसते ती आणखी एका तपशिलात. परत आलेली सगळी मुलं सारखी नाहीत. काहींना जेमतेम पाय ओढता येतात, काही जवळजवळ जिवंत मुलांसारखी हिंडतात-बोलतात. हा फरक कुठल्या औषधाने पडत नाही. ज्यांना घरच्यांनी जवळ घेतलं, ज्यांच्याशी कुणी बोलत राहिलं, त्यांच्या अंगात हालचाल जास्त परतते. टॉमी विल्यम्सला त्याच्या आईने घरात ठेवून घेतलं. तो शाळेच्या फुटबॉल संघात खेळायला उतरतो. ज्यांना घर नाही अशी मुलं एका पडक्या, ओस घरात जमतात. पंधरा-सोळाव्या वर्षी माया मिळाली की पोर कसं उमलतं आणि तुटली की कसं गोठतं, हे ज्याने घरात पाहिलं आहे त्याला हा नियम कल्पित वाटणार नाही.

कायदा या मुलांच्या बाजूने नाही. ती आधीच मेलेली. तेव्हा त्यांना पुन्हा संपवलं तर तो खून ठरत नाही. टॉमीचा राग करणाऱ्या पीटला हे नीट ठाऊक असतं. शाळेत आले तरी नकोसे, अशी ही गत पाहून अमेरिकी वाचकाला १९५७ सालचं लिटल रॉक आठवल्याशिवाय राहत नसेल. गोऱ्यांच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पोचवण्यासाठी तेव्हा लष्कर आणावं लागलं होतं.

झॉम्बी आणि वर्णभेद यांना जोडणारा हा धागा वाटतो त्याहून जुना आहे, कारण 'झॉम्बी' ही कल्पनाच गुलामगिरीतून आलेली आहे. आजचा हैती म्हणजे पूर्वीची फ्रेंचांची सां-दोमिंग वसाहत. तिथल्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं मरेपर्यंत राबवली जात. मेल्यावर आत्मा समुद्रापलीकडे गिनीला, म्हणजे आपल्या मूळ घरी जातो, ही श्रद्धा त्यांचा मोठा आधार होती. झॉम्बी म्हणजे ज्याला तीही वाट बंद झाली तो. देह मेला तरी मालकासाठी राबत राहणारा, घरी न पोचलेला माणूस. १७९१ साली तिथल्या गुलामांनी उठाव केला आणि १८०४ साली हैती स्वतंत्र झाला, पण ही भीती लोककथेत राहिली. पुढे अमेरिकी चित्रपटांनी ती उचलली आणि तिच्यातलं दुःख गाळून टाकलं. जॉर्ज रोमेरोच्या १९६८ सालच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'पासून माणसं खाणारा मुडद्यांचा जमाव रूढ झाला. त्या चित्रपटात 'झॉम्बी' हा शब्द कुणी उच्चारतही नाही, तरी तोच जमाव जगभर झॉम्बी म्हणून ओळखला जाऊ लागला. आपला मराठी 'झोंबिवली' (२०२२) त्याच घराण्यातला, डोंबिवलीत घडणारा. वॉटर्सने त्या जमावातून एकेका मुलाला बाजूला काढून नाव दिलं, आणि कळत-नकळत तो जुन्या हैतीच्या अर्थाजवळ पोचला : घर हरवलेला माणूस.

'जनरेशन डेड'च्याच काळात किशोरांसाठीच्या अशा कथांमध्ये सगळ्यात जास्त वाचली गेली ती स्टेफनी मेयरची 'ट्वायलाइट' (२००५). तिचा एडवर्ड १९०१ साली जन्मला आणि १९१८च्या फ्लूच्या साथीत मरणाच्या दारात असताना व्हॅम्पायर झाला. तेव्हापासून तो सतराच वर्षांचा आहे. पण तो देखणा आहे, श्रीमंत आहे, त्याच्यामागे भक्कम कुटुंब आहे. शाळेतली मुलं त्याच्याकडे चोरून पाहतात ती हेव्याने. प्रेमकथा म्हणून तिची मोहिनी मला कळते. कोलेटचा प्रश्न मात्र तिच्यात उभाच राहत नाही.

तो उभा राहतो 'इन द फ्लेश' या बीबीसीच्या मालिकेत. डॉमिनिक मिचेलने लिहिलेल्या या मालिकेचे २०१३ साली तीन आणि पुढच्या वर्षी सहा भाग आले. इथे परत आलेल्यांना 'पार्शली डिसीज्ड सिंड्रोम'चे रुग्ण म्हणतात. त्यांना रोज इंजेक्शन, डोळ्यांत लेन्स आणि पांढरी त्वचा झाकायला रंगरंगोटी. किरन हा कोवळा मुलगा आत्महत्या करून गेलेला. उपचारांनंतर आईवडील त्याला घरी आणतात, जेवायला बसवतात. त्याला अन्न चालत नाही; तरी त्यांचं मन राखण्यासाठी तो रिकामे घास तोंडाकडे नेत राहतो. टेबलावर सगळं बोलणं होतं, फक्त तू का गेलास हे कुणी विचारत नाही. आत्महत्येनंतर घरात पसरणारी शांतता इतक्या साध्या प्रसंगात पकडलेली मी क्वचित पाहिली आहे. पहिल्या सत्राच्या शेवटाकडे वडील एकदाचे बोलतात, मुलगा सापडला त्या रात्रीबद्दल. एवढं एक बोलणं व्हावं म्हणून जणू मेलेल्याला उठवून आणलं आहे.

मेलेलं मूल परत आणण्याची इच्छा या साहित्याच्या मुळाशी आहे, असं मला वाटतं. ॲन राइसच्या 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर'मध्ये (१९७६) क्लॉडिया नावाची लहान मुलगी आहे. ती मरत नाही आणि मोठीही होत नाही. राइसची स्वतःची मुलगी १९७२ साली, सहा वर्षांचीही झालेली नसताना, रक्ताच्या कर्करोगाने गेली होती. हे कळल्यानंतर क्लॉडियाची पानं मला पूर्वीसारखी वाचता आलेली नाहीत.

आपल्याकडेही असा एक मुलगा आहे. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत जो गेला तो मुंजा. तो पिंपळावर राहतो असं म्हणतात. लहानपणी आम्ही संध्याकाळी पिंपळाच्या पारावरून धावत जायचो, पण तो मुळात आमच्याच वयाचा पोरगा आहे हे कधी डोक्यात आलं नाही. गावकऱ्यांनी त्याला घरात घेतलं नाही हे खरं. पण वेशीबाहेर हाकललंही नाही. पारावर शेंदूर लावलेला धोंडा ठेवला, कुठे त्याचा मुंजोबा केला, नारळ फोडला. भीती आणि माया एकाच ठिकाणी ठेवण्याची ही लोकरीत मला फार समजूतदार वाटते.

'जनरेशन डेड'च्या शेवटाकडे पीट बंदूक उचलतो आणि गोळी लागते फीबीच्या मित्राला, अ‍ॅडमला. फीबीला वाचवताना तो जातो, आणि परत येतो. मैदान गाजवणारा धिप्पाड पोरगा, आता त्याला स्वतःचं बोटही धड हलवता येत नाही. 'किस ऑफ लाइफ' (२००९) या पुढच्या भागात फीबी त्याच्यापाशी बसते. कोलेटच्या वेळी तिला हे जमलं नव्हतं. अ‍ॅडमच्या ओठांतून एक शब्द निघतो, मग बराच वेळ काहीच नाही, आणि फीबी तिथेच बसून दुसऱ्या शब्दाची वाट पाहते.